वाफशाची वाट

पहिला दिवस : छत्रपती संभाजीनगर ते पैठण

दिवाळीची सुटी लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे शिक्षक निघालो. पुढे भाड्याची पिकअप आणि मागे एका सहकाऱ्याची मोटार होती. पिकअपमध्ये हरभऱ्याच्या बियाण्याची चाळीस पोती आणि दोन हजार वह्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी या नद्यांनी काठ सोडले. त्यानंतर महिनाभर आमच्या शाळेतली मुले आणि पालक जे गोळा करत होते, ते हे सामान होते. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सीनाकाठच्या एका गावी ते पोचवायचे आणि तिथून मी एकटीने किल्लारीला आईकडे जायचे, असे ठरले होते.

किल्लारी हे नाव घेतले की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, हे मी बत्तीस वर्षे पाहते आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या पहाटेविषयी मी वर्गात कधी बोलले नाही. या प्रवासात मात्र ती सतत माझ्या सोबत होती, त्यामुळे या टिपणांतही ती येणारच.

पैठणला एका सहकाऱ्याच्या घरी मुक्काम होता. जायकवाडीच्या धरणाला २७ दरवाजे आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांतून इतके पाणी सोडावे लागले की खालच्या वस्त्यांतल्या लोकांना घरे सोडून उंचावर जावे लागले. महिना उलटला होता, तरी नदीकडच्या भिंतींवर पाण्याची तपकिरी रेघ तशीच होती. काही घरांनी दिवाळीसाठी चुना लावला होता आणि त्या पांढऱ्या चुन्याखालूनही ती रेघ पुसट दिसत होती.

संध्याकाळी आम्ही नाथांच्या समाधीपाशी गेलो. एकनाथांच्या गोष्टी आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना कोणी शिकवाव्या लागत नाहीत. काशीहून आणलेले कावडीतले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची गोष्ट सर्वांच्या तोंडी असते. मला मात्र लहानपणापासून दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटत आली आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक अस्पृश्य मानले गेलेले लेकरू आईपासून चुकून रडत होते. नाथांनी त्याला उचलले, कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन सोडले. सोळाव्या शतकात, काशीहून परतलेल्या पंडितांच्या गावात, एका ब्राह्मणाने हे करणे म्हणजे काय होते, याचा विचार आपण पुरेसा करत नाही असे मला वाटते. त्या गोष्टीत नाथ कोणाला उपदेश करत नाहीत. लेकराचे पाय पोळत आहेत, एवढेच त्यांना दिसते.

नदीकाठी उभी असताना मला मातीत पुरलेले माझे हात आठवले. ज्या माणसाने मला त्या मातीतून उपसले, त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. माझ्या डोळ्यांत माती होती. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता, एवढेच मला सांगता येते.

दुसरा दिवस : पैठण, पाचोड, गेवराई, बीड

पाचोडला आम्ही सोलापूरच्या महामार्गाला लागलो. दिवस बहुतेक रस्त्यातच गेला, कारण उसाच्या हंगामाची वाहतूक सुरू झाली होती. गेवराईपासून पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागल्या. भांडीकुंडी, पत्र्याच्या पेट्या, सरपण, कोंबड्यांची खुराडी, शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसे, असे एकेक घरच जणू चाकांवर निघाले होते. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम 'एक कोयता' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ नवरा आणि बायको असा दोघांचा असतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर दिली जाते आणि फेडताना दोघांनाही सुटका नसते.

एका धाब्यावर चहाला थांबलो तेव्हा शेजारच्या ट्रॉलीतून एक तरुण आई खाली उतरली. तिच्या सोबतच्या सहा-सात वर्षांच्या मुलाला ती पुन्हा पुन्हा बजावत होती, "आजी म्हणंल तसं वागायचं, शाळा बुडवायची न्हाई." त्या मुलाला घरी न्यायला त्याची आजी आली होती. म्हातारी बोलत नव्हती. ट्रॉली निघाल्यावर तिने मुलाचा हात सोडून पदर त्याच्या डोक्यावर धरला, कारण ऊन कडक होते. आई-बाप उसाला गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांसाठी गावागावांत हंगामी वसतिगृहे चालतात. आमच्या ओळखीचे कितीतरी शिक्षक या मुलांसाठी ऑक्टोबर ते एप्रिल जिवाचे रान करतात. तरीही आई-बापाची जागा आजीचा पदरच भरून काढतो, हे मी त्या धाब्यावर पाहिले.

बीड ओलांडून मांजरसुंब्याच्या वाटेवर पाली गाव लागते. इथे दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी 'इन्फंट इंडिया' हा प्रकल्प उभा केला. आपल्या देशात सरकारकडून एचआयव्हीला आवर घालणारी एआरटी औषधे मोफत मिळू लागली ती एप्रिल २००४ पासून. त्याआधी ज्या मुलांविषयी 'किती दिवसांचे सोबती' असे बोलले जाई, ती मुले आता वाढतात, शिकतात आणि नोकरीला लागतात. सहकाऱ्यांपैकी एकाने आत जाऊन मुले पाहू या असे सुचवले, त्याला मी नकार दिला. दिवाळीत घरी असलेली मुले पाहण्यासाठी नसतात. शाळेकडून आणलेले धान्य आम्ही दाराशी उतरवले आणि निघालो. गाडी वळत असताना आतून क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी बाद झाले होते आणि ते त्याला मान्य नव्हते.

तिसरा दिवस : बीड, भूम, परंडा, सीनाकाठ

बालाघाटच्या डोंगररांगा उतरून भूमकडे वळलो तेव्हा पुराच्या खुणा ठळक होऊ लागल्या. तुटलेल्या मोऱ्या मुरूम टाकून तात्पुरत्या जोडल्या होत्या. बाभळींच्या फांद्यांत दहा-बारा फुटांवर पाचट, चिंध्या आणि ठिबकच्या काळ्या नळ्या अडकल्या होत्या. परंड्याचा भुईकोट किल्ला आम्ही जाता-येता बाहेरूनच पाहिला.

जिथे जायचे होते त्या गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी मोकळेपणाने जे सांगितले ते त्यांच्या घरातले आहे. सीनेच्या वळणावर दीडशे-दोनशे उंबऱ्यांचे ते गाव आहे. सप्टेंबरमध्ये एका रात्रीत नदी गावात शिरली. या पट्ट्यातल्या काही ठिकाणी छतांवर आणि झाडांवर अडकलेल्या माणसांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने उचलावे लागले होते. या गावातली माणसे शाळेच्या छतावर चढून वाचली. आम्ही याच शाळेत उतरलो. वर्गात फळ्याच्या खालच्या चौकटीपर्यंत पाण्याची रेघ होती. तिच्या वर कोणीतरी आधीच्या दिवसाचा सुविचार लिहिलेला होता आणि तो पुसला गेलेला नव्हता.

शाळेच्या शेजारच्या घरात मी जे पाहिले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अंगणात दोन खांबांना दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकाची पाने टांगलेली होती. नात आठवीत आहे, असे आजी म्हणाल्या. पुरात दप्तर चिखलात गेले. सरकारने नवी पुस्तके दिली, पण विज्ञानाच्या वहीत नातीने आतापर्यंतच्या आकृत्या काढल्या होत्या, त्या कोण देणार? आजींना अक्षरओळख नाही. त्या केरसुणीची काडी दोन चिकटलेल्या पानांच्या मध्ये हलकेच सारत आणि पान सुटेपर्यंत श्वास धरून ठेवत. सुटलेल्या पानावर सुकलेल्या चिखलाचे पापुद्रे असत. ते फुंकर मारून उडवत, मग ओल्या फडक्याने नव्हे तर कोरड्या बोटाने पुसत, कारण ओल्याने शाई पसरते, हे त्यांना पहिल्या दोन पानांत कळले होते. फुलाच्या उभ्या छेदाची आकृती मी ओळखली. परागकोश, कुक्षी, अंडाशय ही नावे पसरली होती, तरी वाचता येत होती. महिन्याभरात वहीची साठ पाने सुटली होती, चाळीस राहिली होती. आम्ही आणलेल्या दोन हजार कोऱ्या वह्या त्या अंगणात नेऊन ठेवताना मला बोलायला शब्द सापडले नाहीत. आजींनी त्यातली एक उघडून नुसता वास घेतला.

हरभऱ्याच्या पोत्यांनी मात्र आमची चूक उघडी केली. ज्यांच्या घरी आमचे जेवण होते, त्या आबांचे वय पंचाहत्तरीच्या आसपास असेल. पोती पाहून त्यांनी हात जोडले, चहा दिला आणि मग फार संकोचाने म्हणाले, "बाई, राग मानू नका. इचारलं असतं तर सांगितलं असतं. हरभरा खालच्या पट्टीला चालला असता, पर ती पट्टीच ऱ्हायली न्हाई. वरच्या दोन एकरांत ज्वारीच पायजे. ज्वारी न्हाई तर कडबा न्हाई, आन् कडबा न्हाई तर ढोर न्हाई."

आम्ही महिनाभर पैसे गोळा केले, दुकानदाराशी घासाघीस केली, पोत्यांवर शाळेचे नाव रंगवले, पण या गावात एक फोन करून काय हवे ते विचारले नव्हते. १९९३ सालीही आमच्याकडे असे झाले होते. देशभरातून मदत आली, आणि त्या मदतीवर आम्ही जगलो हे मी कधीही विसरणार नाही. तरी रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले असत आणि त्यात फाटक्या साड्या, एका पायाचे बूट, लोकरीचे कोट असत. एका ट्रकवरून पावाची पाकिटे गर्दीत भिरकावली जात होती आणि आई मला तिथून हाताला धरून ओढून घेऊन गेली होती. "भूक लागली तरी झेल घ्यायचा न्हाई," ती म्हणाली होती. त्याच आठवड्यात, आमच्या तंबूत आलेली एक परगावची बाई खाली बसली, माझ्या केसांतली माती तिने स्वतःच्या पदराने तासभर वेचली आणि आईला विचारले, "तुम्हाला काय लागतं?" आईने सांगितले, फणी. दुसऱ्या दिवशी ती फणी घेऊन आली. दोन्ही मदती मनापासून केलेल्या असतील, तरी मला लक्षात राहिली ती फणी.

हरभरा वाया गेला नाही. ज्यांच्या जमिनी वाचल्या होत्या अशा वरच्या वाडीतल्या लोकांनी तो नेला. पण आबांना द्यायला आमच्याकडे काही नव्हते.

चौथा दिवस : सीनाकाठ

सकाळी आबांनी शेत दाखवायला नेले. नदीलगतची तीन एकर जमीन पुरती खरडून गेली होती. जिथे कंबरभर खोल काळी माती होती, तिथे आता मुरूम आणि दगड उघडे पडले होते. मी शिक्षिका आहे आणि इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात हे मुलांना दर वर्षी सांगते, परंतु त्या वाक्याचा अर्थ मला त्या मुरमावर उभी राहिल्यावर कळला. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे आहेत. तळ्यातला गाळ आणून पसरला तर जमीन पुन्हा उभी राहू शकते, पण त्याला किती वर्षे लागतील याचा हिशेब आबांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

रोजगार हमीचे नाव निघाले तेव्हा ते टेकडीच्या दिशेने बोट करून उभे राहिले. तिथला पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात झाला आणि त्यावर त्यांनी विशीत असताना माती वाहिली होती. त्या कामांवर सुकडी मिळे आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी असत, ज्या गिळताना घसा खरवडे. महाराष्ट्राने त्या दुष्काळात काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम देण्याचा प्रयत्न केला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेचा १९७७ साली कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये संपूर्ण देशाने तो मार्ग स्वीकारला. जगात क्वचितच असे झाले असेल की भुकेल्या माणसांचा हक्क म्हणून काम कायद्यात लिहिले गेले. "तवा पाणी न्हाई म्हणून तळं खांदलं," आबा म्हणाले, "आवंदा त्याच तळ्यानं निम्मं पाणी आडवलं, न्हाई तर वरचं दोन एकरबी गेलं असतं."

पुराच्या रात्रीची गोष्ट त्यांनी वरच्या शेतात बसून सांगितली. पाणी अंगणात आले तेव्हा ते विळा घेऊन गोठ्याकडे धावले. दावणीला बांधलेली जनावरे पोहू शकत नाहीत, दावे कापले तरच ती वाचतात. शेजाऱ्याचा गोठा त्यांच्या गोठ्यापेक्षा खालच्या अंगाला होता आणि शेजारी पोराकडे पुण्याला गेलेला होता. आबांनी आधी तिथली चार जनावरे सोडली, कारण पाणी तिथे आधी पोचणार होते. मागे वळले तोवर त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात पाणी छातीपर्यंत होते. बैल सुटले. म्हैस सुटली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, फक्त हातातल्या ढेकळाचा त्यांनी बारीक चुरा केला. मी विचारले, "आधी स्वतःचा गोठा का नाही धरला?" ते माझ्याकडे पाहत राहिले. प्रश्नच त्यांना कळला नसावा असे वाटले. मग म्हणाले, "त्याचा गोठा खाली हाय न्हवं."

शेजारी परतल्यापासून रोज सकाळी आबांच्या घरी दुधाचा तांब्या येतो. आम्ही दोन दिवस पीत होतो तो चहा त्याच दुधाचा होता.

वरच्या दोन एकरांत पुराने चार बोटे गाळ आणून टाकला होता. तो काळा, तुळतुळीत आणि अजून ओला होता. आबांनी चार बोटे खोल उकरून मूठभर माती काढली, तिचा लाडू वळला आणि उभे राहून कमरेच्या उंचीवरून सोडला. लाडू जमिनीवर पडून चपटा झाला, फुटला नाही. "वल लई हाय," ते म्हणाले. "फुटला की वाफसा आला समजायचं. वाफशाबिगर पेरलं तर बी कुजतं, आन् लई थांबलं तर वल उडून जाती." म्हणजे एका आठवड्याच्या आत-बाहेर पेरणीचा दिवस येणार होता आणि त्या दिवशी घरात बी असायला हवे होते. घरातले मालदांडी ज्वारीचे बी पुरात भिजून कोठीतच उगवले होते. मी विचारले, पिशवीबंद बी विकत घेऊ या का? त्यांनी नको म्हटले नाही, पण मान फिरवली. आम्ही आधीच पुष्कळ केले, असे त्यांना वाटत असावे.

दुपारी गावात मिरज तालुक्यातून एक गाडी आली. तीत उसाचे वाढे आणि मुरघासाच्या पिशव्या होत्या. उतरवायला हात लावता लावता चालकाशी बोलणे झाले. तो म्हणाला की २०१९ साली कृष्णेचा पूर त्याच्या दारात आला तेव्हा लातूरहून आलेल्या पोरांनी त्याच्या घरातला गाळ काढला होता. गाव विचारून घ्यायचे त्या वेळी राहून गेले, म्हणून त्याने या वर्षी पुराच्या बातम्या पाहून गावातल्या सरपंचाला फोन केला आणि काय आणू असे विचारले. सरपंच म्हणाले, चारा. मी आमच्या रिकाम्या झालेल्या पिकअपकडे पाहिले आणि त्या चालकाकडून आम्ही काय शिकायला हवे होते ते माझे मला कळले.

पाचवा दिवस : परंडा, बार्शी, लातूर, किल्लारी

सहकारी परत निघाले आणि मी एसटीने बार्शीमार्गे लातूरला आले. लातूरला उतरताना रेल्वे स्थानकाकडे जाणारा रस्ता दिसला आणि कालच्या मिरजेच्या गाडीची आठवण झाली. मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला पाणी उरले नाही, तेव्हा १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे इथे आली. कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुतलेल्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आणले गेले. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या आणि पाऊस येईपर्यंत त्या येत राहिल्या. त्या दिवसांत माझी चुलतबहीण लातूरला राहत होती. ती सांगते की नळाला ते पाणी पहिल्यांदा आले तेव्हा तिच्या सासूने तांब्या भरून देवापुढे ठेवला आणि म्हणाली, कृष्णामाई आली. तीन वर्षांनी त्याच कृष्णेचा पूर उतरला तेव्हा लातूरची पोरे तिथे गाळ काढायला गेली. आमच्या भागातले लोक या देवघेवीविषयी फार बोलत नाहीत, पण कोणी विसरलेलेही नसते.

औशावरून किल्लारीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. आईच्या घरी जाण्याआधी मी जुन्या गावाच्या जागेवर उतरले. आता तिथे बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. त्या रात्री लोक गणपती विसर्जन करून झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या, वर मातीचे जड माळवद. जे घर उन्हाळ्यात गारवा देई, तेच अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत माझे वडील आणि धाकटा भाऊ होते. आमच्या वर्गातली काही मुले भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी पुण्याला शिकायला नेलेल्या १,२०० मुलांमध्ये होती. मी आईजवळ राहिले.

आई तेव्हा पस्तीस वर्षांची होती. सहा महिने ती फक्त गरजेपुरते बोलत असे. पुढे भूकंपग्रस्त भागात पडझड कमी झालेल्या घरांच्या दुरुस्तीचे काम निघाले आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले, तेव्हा आई त्यात गेली. जुन्या घराचा वरचा मातीचा भार कसा कमी करायचा, भिंतीच्या दोन थरांना बांधणारे लांब दगड कुठे बसवायचे, कोपरे कसे आवळायचे, हे ती दुसऱ्या गावांत जाऊन घरोघरच्या बायकांना समजावून सांगे. भिंतीखाली ज्यांची माणसे गेली ती बाई लोकांच्या भिंती तपासत हिंडत होती. मी एकदा तिला विचारले होते की भिंतीला हात लावताना भीती वाटत नाही का. "वाटती," ती म्हणाली होती, "म्हणून तर नीट बघते."

ती आता सदुसष्ट वर्षांची आहे. पुनर्वसनातल्या घरात एकटी राहते आणि तीन एकर स्वतः पाहते. रात्री जेवताना मी तिला सीनाकाठची सगळी हकिकत सांगितली : आजींची वही, आबांची म्हैस, आमचा हरभरा. वहीचे सांगताना तिने घास हातातच ठेवला. हरभऱ्याचे ऐकून ती मला बोलली नाही, पण तिला वाईट वाटले हे मला समजले. मग तिने एकच विचारले, "वरचं रान किती हाय त्यांचं?"

"दोन एकर."

सहावा दिवस : किल्लारी

पहाटे कशाच्या तरी आवाजाने जाग आली. आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली पत्र्याची कोठी उघडून बसली होती. राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले मालदांडीचे बी तिने सुपात काढले होते आणि दिव्याच्या उजेडात एकेक किडका, फुटका दाणा निवडत होती. मी शेजारी बसले. तिने सुपातली राख पाखडली, तेव्हा मोत्यासारखा टपोरा दाणा वर आला. लोखंडी पायली तिने काठोकाठ भरली, हाताने सपाट केली आणि वर पुन्हा एक ओंजळ घातली, कारण बियाण्याचे माप शिगेने द्यायचे असते. अशा दोन पायल्या तिने तिच्या जुन्या इरकली लुगड्याच्या धडप्यात बांधल्या. गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा मारली.

"फुकट न्हाई म्हणावं," ती म्हणाली. "उसनं हाय. सुगी झाली की परत करा म्हणावं. सवाई-दिढी काय न्हाई, पायलीला पायली."

"आई, पुढच्या वर्षी तरी..."

"सुगीला," तिने माझे बोलणे मध्येच तोडले. "फाल्गुनात. मी वाट बघते म्हणून सांग."

मी आबांना फोन केला. कोणाचे बी, किती, आणि कोणत्या बोलीवर, ते सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी आईचे वय विचारले, रान किती आहे ते विचारले, बी राखेत ठेवले होते का ते विचारले. शेवटी म्हणाले, "परवा दिवशी लाडू फुटंल असं वाटतंय. उद्यापतूर आलात तर बरं."

परतीचा रस्ता वाकडा करून मी सकाळी आठच्या एसटीने बार्शीकडे निघाले. गाठोडे वरच्या फळीवर ठेवायला वाहकाने हात पुढे केला, पण मी ते मांडीवरच घेऊन बसले.